आडवे पट्टे, उभे थर

बमरोली, सुरत
रविवार, ९ मार्च २०२५

ती. दगानानांना हर्षदाचा नमस्कार,

ओळखलंत का? तुमच्या चुलतभावाची, सुकदेवची पोरगी. शेवटचं पाहिलंत तेव्हा मला दोन वेण्या होत्या आणि बाजूचा एक दात पडलेला होता. आता डिप्लोमा करून बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. कारागीर मला हर्षदाबेन म्हणतात आणि माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

फोनच करणार होते. पण तुमची सून सुवर्णावहिनी म्हणाली, नानांना आता कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही, आणि मोबाईलवर लिहिलेलं ते वाचत नाहीत. म्हणून हा कागद. शिवाय दगडाचा तुकडा फोनमधून जात नाही. गणपतमामा दर शनिवारी पिंपळनेरहून भाजीचा टेम्पो घेऊन सुरतेला येतो आणि रविवारी रिकामा परततो, त्याच्या हाती देते आहे.

काम असं आहे. इथल्या आपल्या खान्देशी लोकांनी समाजाची वाडी बांधायला घेतली आहे, लग्नं, साखरपुडे, दहाव्याची जेवणं सगळं तिथेच होईल. दारावर दगडी छज्जा करायचा आहे. अकरा लाद्या, प्रत्येक साडेतीन फूट लांब, त्यातली एक फूट भिंतीत आणि अडीच फूट बाहेर. दगड निवडला पांडुरंगकाकांनी. ते ट्रस्टी आहेत, पांडेसऱ्यात त्यांचे कापडाचे लूम आहेत. राजस्थानचा वाळूचा दगड, पिवळट अंगावर जांभळे-तपकिरी पट्टे, लांबून सागवानी फळी वाटते. काका तर प्रेमातच पडले आहेत. आखाजीला, म्हणजे ३० एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेला, उद्घाटन.

तुमचं वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, बाबा जेवताना सांगायचे ते: पट्टे झोपवा, दगड जन्मभर जागा राहतो. त्या हिशोबाने लाद्या बरोबर आहेत, पट्टे छान आडवे झोपलेले आहेत. पण एक गोष्ट खटकते. उतरवताना एक लादी कोपऱ्यावर आपटली, आणि ती पट्ट्यावर फुटली नाही. पट्ट्यांना कापत उभी फुटली. तोच तुकडा पाठवते आहे. तुम्ही चाळीस वर्षं दगड फोडलात, मला एवढं सांगा की हे ठीक आहे का.

आईला छज्ज्याचं सांगितलं तर ती उठून आत गेली. तुम्हाला माहीतच आहे. डुमस रस्त्यावरच्या बंगल्याचा छज्जा पडून बाबा गेले त्याला चौदा वर्षं झाली. बाबांनी त्याखालचा टेका दोन दिवस आधी काढला, हे आपल्या लोकांत लहान पोराला पण पाठ आहे. आई दर आखाजीला पितरांची घागर भरते, वर डांगराचं फळ ठेवते, आणि मग बाबांच्या फोटोवर रागावते, ‘घाई कराले कोनी सांगेल व्हतं तुले?’ दर वर्षी तेच वाक्य.

म्हणून मी ठरवलं आहे, या वेळी टेके काढतील तेव्हा मी स्वतः छज्ज्याखाली उभी राहणार. सुकदेवची पोरगी लांब उभी होती असं कुणी म्हणायला नको.

तुमची,
हर्षदा


पिंपळनेर
१६ मार्च

चि. हर्षदा, आशीर्वाद.

पाकीट मिळालं. तुकडाही मिळाला. तुझं अक्षर बापासारखं आहे, शेवटचं अक्षर ओढून लिहायची सवय त्याचीच.

हा दगड छज्ज्याला लावू नको. सिमेंटचा छज्जा ओता, पांडुरंगला लाकडाची हौस असेल तर त्यावर पातळ लाद्या चिकटवा. माझं ते वाक्य वहीतून खोडून टाक. माणूस उमेदीत असतो तेव्हा काहीही बोलतो आणि लोक ते लिहून ठेवतात.

टेक्याखाली उभं राहायचं काही कारण नाही. सुपरवायझरने सावलीत उभं राहून ओरडायचं असतं, त्याचाच पगार मिळतो.

इकडे कांदा काढणी चालू आहे. माझा उपयोग कुणाला नाही. ऐकू येत नसल्यामुळे घरातली भांडणं मला कळत नाहीत, एवढं सुख आहे. प्रमिलाला सांग, तब्येत सांभाळ म्हणावं.

दगानाना


बमरोली
२३ मार्च

ती. नाना,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. लावू नको म्हणालात, पण का ते नाही. मी ट्रस्टींच्या बैठकीत जाऊन काय सांगू, आमच्या नानांना वाटत नाही म्हणून? पांडुरंगकाकांनी नुसतं तुमचं नाव काढल्यावर तोंड वाकडं केलं. म्हणाले, दगाने स्वतः या सुरतेत वीस वर्षं हाच दगड लावला, तेव्हा नाही बोलला, आता उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला वाटतं तुम्हाला बाबांची आठवण होते म्हणून तुम्ही भिता. ते मी समजू शकते, नाना. पण माझ्यावर दया करून मला अंधारात ठेवू नका. दयेवर छज्जा उभा राहत नाही.

तिकडे काम थांबलेलं नाही. चार लाद्या बसल्या, खाली टेके दिले आहेत. काका रोज संध्याकाळी खुर्ची टाकून समोर बसतात आणि पट्टे बघतात. परवा मी पुन्हा विषय काढला तर सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, ‘हर्षदाबेन, छज्ज्याचा दोष नसतो, टेका काढणाऱ्याचा असतो. तुमच्या घरात तरी हे माहीत असायला पाहिजे.’

घरी आले. आई साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती, तिच्याशेजारी बसून मीही दोन साड्या केल्या. तिला हे सांगितलं नाही.

कारण द्या. नाही तर दगड बसेल आणि मी खाली उभी राहीन.

हर्षदा


पिंपळनेर
३० मार्च, पाडवा

चि. हर्षदा,

कारण देतो. सावकाश वाच.

आपण खान्देशी माणसं काळ्या दगडावर शिकलो. काळा दगड तापून वितळलेला, त्याला थर नसतो. कुठूनही टाकी मारा, कसाही बसवा, तो तक्रार करत नाही. सुरतेला आलो तेव्हा हा वाळूचा दगड पहिल्यांदा हाती लागला. हा बसत बसत झालेला दगड आहे. पाण्याने नाहीतर वाऱ्याने वाळू आणली, एक थर पडला, त्यावर दुसरा. पोळ्यांची चळत रचावी तसा. त्याची ताकद चळतीच्या रचनेत असते आणि तो सुटतो तोही दोन पोळ्यांच्या मधूनच.

आता पट्टे. काही दगडांत रंगाचा पट्टा म्हणजेच थर असतो, तिथे चूक होत नाही. पण काही दगडांत दगड तयार झाल्यावर, फार मागाहून, गंजाचं पाणी आत झिरपतं आणि वाळताना रेघा सोडून जातं. भिंतीला ओल चढून डाग पडतो ना, कडा कडा असलेला, तसं. त्या पाण्याला थराशी देणंघेणं नसतं. ते थर कापूनही जातं. म्हणजे पट्टे आडवे दिसतात आणि खरे थर उभे असतात. आणि मशीनवाला ठोकळा कापतो तो पट्टे छान दिसतील असाच, कारण गिऱ्हाईक पट्टे बघून पैसे देतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. एक, लादीची कड उन्हात तिरपी धरून बघ. अभ्रकाच्या बारीक चकत्या चमकतात, त्या थराच्या अंगाने निजलेल्या असतात. दोन, भिंग घे आणि दाणा बघ. जाड वाळूची ओळ, मग बारीक वाळूची ओळ, हा खरा थर. जांभळा पट्टा जाड-बारीक न बघता सरळ वरून जात असेल तर तो नुसता रंग आहे. तीन, तुकडा रात्रभर पाण्यात ठेव आणि सकाळी उन्हात. सगळा एकदम वाळत नाही. ओल ज्या रेघांत मागे राहते त्या रेघा थराच्या.

पूर्वी मी हातोडीने वाजवून सांगायचो. तुझ्या तुकड्यावर मारली हातोडी. सुवर्णा म्हणाली आवाज आला. कसा आला ते तिला सांगता येईना.

थर भिंतीला समांतर उभे असतील तर ती लादी भिंतीच्या तोंडाशी तुटते. आज नाही तुटली तर पाऊस झाल्यावर तुटते. माझ्या ओळखीत एक कारागीर होता, त्याने पट्ट्यांवर विश्वास ठेवला. त्याचं चुकलं. तू चुकू नको.

दगानाना


बमरोली
६ एप्रिल

ती. नाना,

तिन्ही करून पाहिलं. भिंग शेजारच्या घड्याळवाल्याकडून आणलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पट्टे आडवे आहेत. त्यांच्याखालून जाड-बारीक दाण्यांच्या ओळी उभ्या जातात, भिंतीला अगदी समांतर. ओल्या तुकड्यावर तर शाळेच्या चौकटीच्या वहीसारखं दिसलं. इतके दिवस मी त्याच दगडाकडे बघत होते आणि मला रंगच दिसत होता.

तो भिजवलेला तुकडा घेऊन मी बैठकीत गेले. काकांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, ओल्या दगडावर रेघा दिसणारच. मग ते म्हणाले, डुमस रस्त्यावरच्या बंगल्याला दगाने हाच माल लावला होता, त्याच यार्डातून आलेला. आठ लाद्यांचा तो छज्जा सुकदेवने घाई केली नसती तर आजही उभा असता. बाकीच्यांनी माना हलवल्या. ते असं सांगत होते की जणू मी तिथे नव्हतेच.

आता फुटलेल्या लादीच्या जागी दुसरी आणून अकराही लाद्या चढल्या आहेत. टेके २० तारखेला काढायचं ठरलं. मी नोकरी सोडू शकते, पण मग दुसरा कुणी काढेल आणि दुसरं कुणी खाली असेल. उद्घाटनाला तिथे चारशे माणूस येणार आहे.

नाना, तुमच्या ओळखीतला तो कारागीर कोण? जिवंत असेल तर त्याला घेऊन या. एकदा त्याच्या तोंडून ऐकलं तर काका ऐकतील. माझ्या बापाच्या नावाचा दगड माझ्या गळ्यात आहे, माझं कोण ऐकणार?

आणि एक विचारते. बाबांच्या वेळचा दगड खरंच हाच होता का? तुम्ही तिथे होतात. तुम्ही सांगितलंत तर मी मानीन.

हर्षदा


पिंपळनेर
बुधवार, ९ एप्रिल

हर्षदा,

गणपतच्या शनिवारपर्यंत थांबवलं नाही. सुरत एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. सोबत फडक्यात बांधलेला दगड आहे, तो जपून उतरवून घे.

तो कारागीर मी.

बंगल्याचा छज्जा माझ्या हाताखाली झाला. लाद्या मी निवडल्या, पट्टे बघून. त्या दिवशी सोमवार होता. मालकाची दुसऱ्या दिवशी वास्तुपूजा होती, टेके काढा म्हणून तो सकाळपासून मागे लागला होता. तुझा बाप म्हणाला, ‘नाना, मसाला कच्चा शे, दोन दिन थांबूत.’ मी हसलो. म्हणालो, पट्टे झोपलेत, भिऊ नको, काढ. तो थोरल्याचा शब्द मोडणारा नव्हता. दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि काढला.

लादी भिंतीच्या तोंडाशी तुटली, सुरीने कापल्यासारखी. सांध्यातला सिमेंटचा मसाला कच्चा होता, पण तो सुटला नव्हता. भिंतीतला एक फूट जागेवरच होता. तुटलेल्या तोंडावर ऊन पडलं होतं आणि सगळं अभ्रक चमकत होतं. मी चाळीस वर्षांत जे शिकलो नव्हतो ते त्या घटकेला कळलं. सुकदेव माझ्या पायाशी होता आणि मी दगड बघत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

पोलीस आले, मालक आला. विचारलं टेका कोणी काढला. मी म्हणालो, सुकदेवने. ते खोटं नव्हतं. कुणी पुढे विचारलं नाही, मीही पुढे बोललो नाही. तुकडे मीच ट्रॅक्टरमध्ये भरले. एक ठेवून घेतला. का ठेवला ते माहीत नाही. चौदा वर्षं पेटीत, कपड्यांखाली आहे.

प्रमिला फोटोला विचारते ना, घाई करायला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. मला वाटलं, लावू नको एवढं सांगून भागेल, दगडही वाचेल, मीही वाचेन. चोराच्या मनात चांदणं. तू कारण मागितलंस, मी दगडाचं दिलं, माझं नाही दिलं. तू दुसऱ्यांदा लिहिलंस की खाली उभी राहीन, तेव्हा मला जेवण गेलं नाही.

तुकडा पांडुरंगच्या हातात दे. कड बघायला सांग. पत्रही वाचून दाखव. छज्ज्याखाली उभी राहू नको, पोरी. तुझ्या बापाने काहीही चूक केली नव्हती.

दगा


बमरोली
२० एप्रिल

नाना,

तुमचा तुकडा आणि आमचा तुकडा बैठकीत शेजारी शेजारी ठेवले. पत्र मी अर्ध्यापर्यंत वाचलं, पुढचं पांडुरंगकाकांनीच वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, एक लादी उतरवा.

ती जमिनीवर तशीच बसवली, एक फूट वजनाखाली दाबून, बाहेरच्या टोकाला सिमेंटच्या गोण्या ठेवत गेलो. तिसऱ्या गोणीला गेली. आवाज मोठा नव्हता, खारी मोडावी तेवढाच. तुटलेलं तोंड अभ्रकाने चमकत होतं. मी ते बघितलं आणि मला तुमचं पत्र आठवलं, आणि तुमचा इतका राग आला की बाजूला जाऊन बसावं लागलं.

सगळ्या लाद्या उतरवल्या. टेके निघाले तेव्हा वर काहीच नव्हतं. आखाजीला दारावर कापडी मांडव असेल, छज्जा पावसाळ्यानंतर सिमेंटचा होईल. काकांनी माझी माफी मागितली, कारागिरांसमोर. मला ती कशी घ्यायची ते कळलं नाही.

तुम्ही आता सांगितलंत म्हणून माणसं वाचली, बहुतेक मीही. हे मी मानते. पण मी दहा वर्षांची असताना शाळेत मला पोरं टेका म्हणून हाक मारायची. ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तेव्हा दर महिन्याला घरी यायचात, खाऊ आणायचात. तो खाऊ मी खाल्ला आहे. यापुढे मी तुम्हाला काय लिहू ते मला सुचत नाही.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा फक्त ‘मी सांगितलं होतं’ हे एक वाक्य. मग तिने माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला. तिचा कागद सोबत आहे. मी तो वाचलेला नाही.

हर्षदा


दगाभाऊ,

मी चौथी शिकलेली. चुकलं तर समजून घ्या.

चौदा आखाज्या मी त्या माणसाला घागरीपुढे बसवून बोलले. आंबरस वाढला आणि बोलले. सांजोरी ठेवली आणि बोलले. घास घ्यायला आलेल्या माणसाला कोणी बोलतं का? मी बोलले. पोरगी पदरात टाकून घाईने गेला म्हणाले. माझ्या भावांनी बोल लावला तेव्हा मी त्यांना अडवलं नाही. पोरीला पण मीच सांगितलं, बाप उतावळा होता, तू तशी होऊ नको. तो बिचारा फोटोतून बघत राहिला. मी ज्याला विचारत होते त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर तुमच्या पेटीत होतं.

तुम्ही पत्र लिहिलं, ते बैठकीत सात माणसांनी ऐकलं. पण माझ्या घरधन्याला नाव ठेवलं ते सात माणसांनी नाही. बमरोलीने ठेवलं, पांडेसऱ्याने ठेवलं, गावाने ठेवलं. ती सगळी माणसं आखाजीला वाडीत येणार आहेत.

तुम्ही या. मांडवाखाली उभे राहा आणि पत्रात लिहिलं ते तोंडाने सांगा. तुम्हाला ऐकू येत नाही ते एका परीने बरं, लोक काय बोलतील ते तुमच्या कानावर पडणार नाही. आम्ही चौदा वर्षं ऐकलं आहे. तुमचे कान गेले, तोंड शाबूत आहे.

या वर्षी मी सकाळी घागर भरणार नाही. घागर वाडीत आणून ठेवीन, रिकामी. तुमचं बोलून झालं की तुमच्या हाताने पाणी भरा. तोवर तुमचा भाऊ तहानलेला राहील.

गणपत २६ तारखेला तिकडून निघतो. त्याला टेम्पोत पुढची जागा ठेवायला सांगितली आहे.

प्रमिला सुकदेव